यीस्टचं पाणी पिऊन केमो सुटत नाही

रविवारी मिरजेला मावशीकडे गेले. ओट्यावर स्टीलच्या वाटीत कोमट साखरपाण्यात बेकरीचं यीस्ट भिजत ठेवलेलं, वर बोटभर फेस, आंबूस वास. आतड्याच्या कॅन्सरची तिची केमो अजून निम्मी राहिलीय. म्हणाली, “पुढचा डोस नको म्हणून सांगणार आहे गं. हे वाच.” भिशीच्या ग्रुपवरून आलेला मेसेज. सांगलीतल्या माझ्या तीन ग्रुपांवरही तो येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता.

मेसेजचं म्हणणं असं: डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम बिघडलं तर यीस्टची पेशी ते ओळखून आपलं जनुक दुरुस्त करते. याला नोबेल मिळालं. माणसाची यंत्रणाही तीच. म्हणून रोज यीस्टचं पाणी घ्या, केमो सोडा.

नोबेलचं आधी उरकते. २०१६ साली योशिनोरी ओसुमींना यीस्टवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, पण ते पेशी स्वतःचे निकामी भाग कसे मोडून वापरते यासाठी. डीएनएच्या नकलेचा त्यात विषय नाही.

आता “पेशी ओळखते, दुरुस्त करते”. बिघडलेल्या एन्झाइमबाबत हे साफ खोटं आहे. यीस्टचा डीएनए सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा. दर विभाजनाला तो सगळा उतरवायचा. उतरवणाऱ्यांपैकी पॉलिमरेज डेल्टा हे एन्झाइम चुकलेलं अक्षर जागच्या जागी खोडतं. त्यातून निसटलेली चूक दुसरी यंत्रणा मागाहून पकडते. २०११ साली ‘प्लॉस जेनेटिक्स’ या विज्ञान-नियतकालिकात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा प्रयोग छापून आला. त्यांनी या दोन्ही राखणी काढल्या. चुका इतक्या साचल्या की जनुकांचा एकच संच असलेल्या पेशी मरत गेल्या. क्वचित एखादी तगली. अशा बऱ्याच पेशींत त्याच पॉलिमरेजच्या जनुकात योगायोगाने आणखी एक बदल झालेला होता, आणि त्याने चुका कमी झाल्या. पहिला बिघाड तसाच होता. कुणी काही ओळखलं नाही. बाकीच्या मेल्या, तगलेलीची प्रजा वाढली, एवढीच ती मेसेजमधली “दुरुस्ती”.

आणि हेच आपल्या आतड्यात झालं तर? बदल साठवत एक पेशी तगते, तिचीच प्रजा माजते. त्यालाच गाठ म्हणतात! मेसेज ज्याला औषध म्हणून विकतोय, तो मावशीचा आजार आहे.

यंत्रणा तीच, हे मात्र बरंचसं खरं आहे, मानावं लागतं. पॉलिमरेज डेल्टा आपल्यातही आहे. काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या आतड्याचा कॅन्सर का होतो, याचं कारण २०१३ साली याच एन्झाइमच्या आणि पॉलिमरेज एप्सिलॉन या त्याच्यासारख्याच एन्झाइमच्या राखणीतल्या बिघाडात सापडलं. त्या माणसांचं शरीर आपोआप दुरुस्त झालं नाही.

यीस्ट प्यायल्याने त्याचे गुण अंगात येत नाहीत. भाकरीतल्या ज्वारीच्या डीएनएसारखाच त्याचाही डीएनए पचतो. पण केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जिवंत यीस्ट पिणं धोक्याचं आहे. फार आजारी माणसांच्या रक्तात ते उतरल्याच्या नोंदी आहेत.

वाटी मावशीनेच ओतली. मग मेसेज पाठवणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांच्या दिरांनी यापायी दोन डोस बुडवलेत. गुरुवारी मावशीबरोबर त्या दिरांनाही दवाखान्यात नेतेय.