पेटी घेताना वागतो तसं गिटार घेताना का वागत नाही?

आमच्याकडे भजनी मंडळाला नवीन पेटी घ्यायची ठरली की तो एक सोहळाच असतो. बुवा, पखवाजी, मंडळाचे खजिनदार आणि सुरातलं कळणारा आणखी एखादा जाणकार, असे चौघेजण मिळून जातात. दुकानात सतरंजी अंथरली जाते. आधी भाता मारून हवा कुठून गळते का ते ऐकतात. मग एकेक सूर. खर्ज वेगळा, नर वेगळा, मग दोन्ही एकत्र. "ही काळी दोन जरा चढी लागते," असं बुवा म्हणाले की दुकानदार निमूटपणे पेटी उघडतो, सूरपट्टी बाहेर काढतो, रीड घासतो, परत बसवतो. मध्ये चहा होतो. पुन्हा वाजवून बघतात. पसंत पडली नाही तर "विचार करून सांगतो" म्हणून उठतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

हीच माणसं मुलांसाठी गिटार घ्यायला मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानात जातात, ज्यांच्या शहराशहरांत शाखा असतात अशा, तेव्हा मात्र तोंडातून शब्द निघत नाही. एसी, काचा, छतापर्यंत टांगलेली वाद्यं, एकसारखे टी-शर्ट घातलेली आणि निम्मं इंग्रजीत बोलणारी मुलं. "तुम्ही सांगाल ती द्या" म्हणतात, पैसे भरतात आणि रात्रीची कोकणकन्या पकडतात.

मी कुडाळला गिटार शिकवतो. ओरोस, पिंगुळी, मालवण, वेंगुर्ला अशी सगळीकडून मुलं येतात. नवीन गिटार घेऊन आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो बघवतो, पण बॅगेची चेन उघडेपर्यंत माझ्या पोटात गोळा आलेला असतो. हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात शिकणारं पोर आहे त्यांनी पूर्ण वाचावी.

एक उदाहरण देतो. एका आंबा बागायतदारांनी हंगामाचे पैसे हातात आल्यावर मे महिन्यात मुलीला मुंबईला नेलं आणि अशाच एका दुकानातून गिटार आणली. गृहस्थ स्वतः डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, पखवाज वाजवलेले, कान तयार. जूनच्या अखेरीस त्यांचा फोन आला, "सर, चेडवाची बोटां सुजली हत. आता नको म्हणता शिकूक." मी म्हटलं, मुलीला नंतर समजावू, आधी गिटार घेऊन या.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरली. जाड तारेच्या खाली साडेचार मिलिमीटर अंतर! साध्या अकूस्टिक गिटारला ते अडीचच्या आसपास असावं लागतं. मानेच्या पुढच्या टोकाला ज्या पट्टीवर तारा टेकतात त्या नटपाशी तारांच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या. त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबताना माझ्यासारख्या रोज वाजवणाऱ्याच्या बोटालाही जोर लावावा लागत होता. तिथं सातवीतल्या मुलीनं एफ कॉर्ड धरायची, जिच्यात एका बोटानं अनेक तारा एकदम दाबाव्या लागतात? वर गिटार एक्केचाळीस इंची, मोठ्या पोटाची. तिचा हात वरून तारांपर्यंत आणायचा तर खांदा कानाला लागत होता.

दुकानात काय झालं ते दोघांनी मिळून सांगितलं. पहिला प्रश्न आला, "बजेट किती?" तो वडिलांना. दुसरा आणि तिसराही वडिलांनाच. वाजवणार होती ती मुलगी, पण तिला कुणी स्टुलावर बसवून गिटार मांडीवर दिली नाही. तिनं एका लहान गिटारकडे बोट दाखवलं, तर उत्तर मिळालं की ती लहान मुलांची आहे, दोन वर्षांत बदलावी लागेल. मग विक्रेत्यानं स्वतः गिटार घेऊन भराभर काहीतरी वाजवलं, आजूबाजूचे चार जण बघत राहिले, आणि गिटार पॅकिंगला गेली. सोबत कॉम्बो ऑफर म्हणून बॅग, बेल्ट, कॅपो, पिकं, जादा तारांचा सेट. नवशिक्याला पहिल्या दिवसापासून जो लागतो तो ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र, तेवढा त्यात नव्हता.

त्या विक्रेत्या मुलाचा मला राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असेल, वरून कुठला माल आधी काढायचा ते ठरवून दिलेलं असेल. राग आहे तो या पद्धतीचा. बिल झालं की वाद्याशी दुकानाचा संबंध संपतो, असं ज्या पद्धतीत गृहीत धरलेलं असतं तिचा.

कारखान्यातून आलेली गिटार ही अर्धवट तयार गिटार असते. पोटावर जिथं तारा अडकवतात त्या ब्रिजवरची पांढरी पट्टी, तिला सॅडल म्हणतात, ती घासून तारांची उंची बसवावी लागते. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. नटच्या खाचा बारीक कानशीनं खोल कराव्या लागतात. मानेतल्या लोखंडी सळीला, म्हणजे ट्रस रॉडला, ॲलन कीनं थोडा पीळ देऊन मान सरळ करावी लागते. या सगळ्याला सेटअप म्हणतात. जाणत्या हाताचं तासा-दोन तासांचं काम. त्या मुलीच्या गिटारचं मी एका संध्याकाळी केलं. आकार बदलता आला नाही, पण तारा खाली आल्या, आणि ती आजही क्लासला येते.

यात परदेशातून शिकून यावं असं काही नाही. घाट चढून पलीकडे मिरजेला जा. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं तानपुरा घेणारा माणूस जवारी काढून घेतल्याशिवाय वाद्य उचलत नाही. कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो, गिऱ्हाइकाच्या मनासारखा झंकार येईपर्यंत. ती जवारी म्हणजे विक्रीचाच भाग, तिच्यासाठी कुणाला विनवण्या कराव्या लागत नाहीत. मग गिटारच्या दुकानात सेटअपबद्दल विचारलं की "सर, कंपनीतून सेट होऊनच येते" हे उत्तर आपण का ऐकून घेतो?

फेंडर ही गिटार बनवणारी जगातली मोठी कंपनी, १९४६ पासूनची. तिचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. त्याची कारणं अनेक असतील, अभ्यास आहे, चिकाटी आहे, मोबाइल आहे. पण आमच्या भागात माळ्यावर आणि कपाटामागे धूळ खात पडलेल्या ज्या गिटारी मी उतरवून बघितल्या, त्यातल्या बऱ्याचशा वाजवण्याच्या लायकीच्याच नव्हत्या. पोराला "तुझ्यात चिकाटी नाही" म्हणून बोल लागला आणि दोष होता सॅडलमध्ये. मला हे खरोखर सहन होत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकदा वाटलं की आपल्याला संगीत जमत नाही, की तो दुसऱ्या कुठल्या वाद्याकडेही सहसा वळत नाही.

त्याच फेंडर कंपनीला पाहणीत असंही आढळलं की नव्यानं गिटार घेणाऱ्यांत निम्म्या मुली आणि बायका आहेत. माझ्या क्लासमध्येही मुलीच जास्त टिकतात. तरी दुकानात प्रश्न बापाला नाहीतर भावाला विचारले जातात.

आता आपल्या हवेचं. लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते असं बनवणारे सांगतात. जुलैत आपल्याकडे ती ८५-९० च्या खाली क्वचितच येते. एसीत वाळलेली गिटार जूनमध्ये कोकणात आली की लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगून पोट वर येतं आणि तारा आणखी उंच होतात. किनाऱ्यावर, देवबाग-तारकर्लीकडे, खाऱ्या वाऱ्यानं तारांना आठवडाभरात तांबेरा धरतो. म्हणजे दुकानात चांगला सेटअप करून दिला तरी पहिला पावसाळा गेल्यावर गिटार पुन्हा एकदा बघावी लागणारच. "एक वर्ष फ्री सर्व्हिस" असं बिलावर छापलेलं असतं. ती सर्व्हिस मिळते शोरूममध्ये, आणि शोरूम आहे रात्रभराच्या प्रवासावर. शाळकरी पोराचा बाप त्यासाठी रजा काढणार आहे का?

चांगला अनुभवही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. माझ्या एका विद्यार्थ्याला घेऊन मी पुण्यातल्या अशाच एका साखळी दुकानात गेलो होतो. तिथल्या तरुण विक्रेत्यानं पहिला प्रश्न विचारला, "राहायला कुठं?" कोकणात म्हटल्यावर त्यानं सॉलिड टॉपची, म्हणजे वरची फळी अस्सल लाकडाची असलेली, महाग गिटार स्वतःहून बाजूला ठेवली. म्हणाला, आवाज हिचा चांगला, पण दमट हवेत ही फार जपावी लागेल, पहिली गिटार म्हणून लॅमिनेटची घ्या, थर चिकटवलेली असते, सहज वाकत नाही. कोटिंगच्या तारा लावून दिल्या, महाग पण गंजायला वेळ घेणाऱ्या. मुलाला बसवून तीन आकार मांडीवर देऊन बघितले. आत जाऊन सॅडल घासून आणलं. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसायच्या, हे मुलाकडून करून घेतलं. दुकानाची कमाई त्या दिवशी कमी झाली असेल, पण त्यानंतर मी कितीतरी पालकांना त्याच दुकानात पाठवलंय. मोठ्या दुकानात हे होऊ शकतं, आणि माल तिथं भरपूर, बिल पक्कं, बदलूनही मिळतं. आपल्या बाजारपेठेतल्या लहान दुकानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन-तीन गिटारी असतात, त्यातून निवडणार काय? ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही. न वाजवता वाद्य घेऊ नये एवढंच.

(फ्रेटबोर्डला, म्हणजे फ्रेट बसवलेल्या मानेवरच्या फळीला, "इम्पोर्टेड वूड" आहे असं सांगून पैसे वाढवणारे भेटतात, म्हणून हेही सांगतो. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ पासून आपल्या नामवंत गिटारींना भारतीय रोझवूड वापरायला सुरुवात केली. ते म्हणजे आपलं शिसव, पश्चिम घाटात वाढणारं.)

फक्त वाढत सुटलेल्या दुकानांचं काय होतं ते अमेरिकेत दिसलं. गिटार सेंटर ही तिथली सगळ्यांत मोठी साखळी, १९५९ मध्ये हॉलिवूडमध्ये ऑर्गन विकणारं दुकान म्हणून सुरू झालेली. २००७ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूकदार कंपनीनं ती विकत घेतली, डोक्यावर कर्जाचा डोंगर चढला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कोरोनाच्या त्या वर्षात तिथं लोक घरात बसून गिटारी घेत होते, तरी ही वेळ आली. हप्ते फेडायला माल खपवायचा असतो तेव्हा मांडीवर गिटार देऊन आकार बघायला कुणाला वेळ असणार?

तेव्हा दुकानात जाल तेव्हा चौघांनी जा, पेटीला जाता तसे. वाजवणाऱ्या पोराला स्टुलावर बसवायला लावा, तेही आधी. गिटार सुरात लावून मागा. प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक करून वाजवा, कुठं खरखर येते का ऐका. पखवाजाची शाई बोलते की नाही हे ज्या कानाला कळतं त्याला हे नक्की कळेल. मानेच्या कडेवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली तीन मिलिमीटरच्या वर अंतर असेल तर "सेटअप करून द्या, आम्ही थांबतो" म्हणा, आणि खरंच थांबा, पैसे नंतर. इंग्रजी बोलायची काही गरज नाही, तिथली बहुतेक मुलं आपल्यासारखीच मराठी घरातली असतात.

आणि या दुकानांच्या मालकांपर्यंत कुणाची ओळख असेल तर एक निरोप पोचवा. मोटारसायकलच्या कंपन्या तालुक्याच्या गावी येऊन मोफत सर्व्हिस शिबिर घेतात. तुम्ही वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि मार्चमध्ये, एक कारागीर चिपळूण, रत्नागिरी आणि कुडाळला पाठवा. एकेक दिवस पुरे. जागा आम्ही देऊ, त्याची राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू, आणि तुमच्या दुकानातून घेतलेली गिटार नसेल तर सेटअपचे पैसेही देऊ.

तोपर्यंत, गिटार घ्यायला मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा कुठंही गेलात तर दुकानातून मला व्हिडिओ कॉल करा. माझ्या क्लासचं मूल असलंच पाहिजे असं नाही. आदल्या दिवशी इनबॉक्समध्ये मेसेज टाका म्हणजे नंबर देतो. संध्याकाळी पाच ते आठ क्लास असतो, तेवढी वेळ सोडून केव्हाही चालेल.