चार नळ्या आणि एक थोबाड

तैलरंगात स्वतःचं चित्र काढायचं, आणि तेही चारच रंगांत, असं ठरवणाऱ्याच्या डोक्यात दोन हिशेब असतात. रंग कमी म्हणजे खर्च कमी, आणि मॉडेल घरचंच म्हणजे फुकट. पहिला हिशेब कॅडमियम रेडच्या नळीची किंमत ऐकून कोसळतो, दुसरा आरशासमोर तासभर बसल्यावर. फुकटचं मॉडेल सारखं हलतं, कंटाळतं, मध्येच चहाला उठतं, आणि त्याला झापायची सोय नसते.

चार रंगांचं हे खूळ अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) या स्वीडिश चित्रकाराच्या नावावर चालतं. पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). १८९६ सालच्या त्याच्या स्वचित्रात हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात, म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी नळ्या मोजून घेतल्या. झॉर्नने जन्मभर एवढेच वापरले असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याला झॉर्नने रंगवलेलं पाणी दाखवा. निळी नळी घरात होती हे लगेच कळतं. कल्पनाही त्याची नव्हे. चार रंगांत भागवणाऱ्या ग्रीक चित्रकारांची तारीफ रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच करून ठेवली आहे.

आता आपल्या नळ्या. व्हर्मिलियन म्हणजे पाऱ्याचं संयुग, त्याच्या जागी कॅडमियम रेड लाइट घ्या. झॉर्नच्या काळचा पांढरा शिशाचा होता. आपण टायटॅनियम व्हाइट घेतो आणि तिथेच फसतो, कारण हा पांढरा भलताच दांडगा असतो. ज्यात मिसळाल त्याला थंड आणि खडूसारखं करून टाकतो. तरीही पॅलेटवर तो इतरांच्या तिप्पट काढावा लागतो, कारण हाफटोन (उजेड आणि सावली यांच्या मधल्या छटा) आणि पार्श्वभूमी तोच जास्त खातात. झिंक व्हाइट स्वस्त दिसला तरी जाड थरात वापरू नका, काही वर्षांनी तडकतो. कॅडमियमची गोष्ट उलटी: ऑकरच्या मानाने तो थोडासाच पुरतो. लागेल तेवढाच काढा. आणि हो, कॅडमियम विषारी असतो, रंगवताना चिवडा खाऊ नका. हे मी गमतीने सांगत नाहीये.

निळा नाही, मग निळं कसं दिसणार, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. आयव्हरी ब्लॅकचा पिंड मुळात थंड असतो. त्यात पांढरा मिसळला की राखाडी होतो, आणि तो राखाडी तांबूस त्वचेशेजारी ठेवला की डोळा त्याला निळा समजतो. ऑकर आणि काळा मिळून शेवाळी हिरवा देतात, लाल आणि काळ्यात पांढरा घातला की वांगी रंगाच्या जवळपास जाता येतं. पण या फसवणुकीला मर्यादा आहे. मोरपंखी शर्ट घालून आरशासमोर बसलात तर चार रंगांचा बाप आला तरी तो निघणार नाही. जुना मळखाऊ सदरा घाला. तसाही त्याच्यावर रंग सांडणारच आहे.

खरी पंचाईत त्वचेची. शिकवणारे बहुतेक जण गोऱ्यापान चेहऱ्यापासून सुरुवात करतात: पांढऱ्याचा मोठा गोळा, त्यात चिमूटभर लाल आणि ऑकर. आपण ती कृती जशीच्या तशी उचलली, तर कॅनव्हासवर पावडर थापलेला नवरदेव उगवतो. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याला सुरुवात ऑकरपासून करायची. ढोबळमानाने ऑकर तीन भाग, लाल एक भाग, काळा पाव भाग, आणि पांढरा सुरुवातीला अजिबात नाही. हा झाला मधला टोन. नळीनळीप्रमाणे प्रमाण बदलतं, म्हणून पॅलेट नाइफच्या (रंग कालवायच्या सुरीच्या) टोकावर थोडा रंग घेऊन आरशासमोर गालाशेजारी धरून पाहा. सावलीसाठी याच गोळ्यात लाल आणि काळा वाढवायचा. उजेडासाठी आधी ऑकर वाढवायचा आणि मग पांढरा. उलट केलंत की खडू.

चेहऱ्याचे तीन पट्टे असतात. कपाळ पिवळसर, मधला पट्टा म्हणजे नाक, गाल, कान तांबूस, आणि खाली हनुवटीपाशी राखाडी. ज्यांनी दोन दिवस दाढी केलेली नाही त्यांचा खालचा पट्टा काळ्या-पांढऱ्याच्या राखाडीने आपोआप निभतो. नाकाच्या शेंड्यावरचा चमकता ठिपका मात्र पांढरा नसतो. खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर त्यात काळ्याचा स्पर्श हवा, पिवळ्या दिव्याखाली असाल तर ऑकरचा. डोळ्याचं पांढरं तर पांढरं नसतंच, तो चक्क करडा भाग असतो. तिथे नळीतला पांढरा लावलात की चित्रातला माणूस भूत पाहिल्यासारखा बघायला लागतो.

बैठकीची मांडणी करताना उजेड एकाच बाजूने आणि थोडा वरून हवा. दुसरी खिडकी पडद्याने बंद करा, नाहीतर दोन सावल्यांमध्ये नाक हरवतं. ट्यूबलाइट तर चेहरा सपाटच करते. शहरातल्या फ्लॅटमध्ये उत्तरेचा उजेड मागायला जावं, तर समोरच्या सोसायटीने भिंतीला गुलाबी रंग दिलेला असतो आणि तो थेट आपल्या गालावर येऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं माणूस लाजतोय.

आरसा ईझलच्या (कॅनव्हास उभा ठेवायच्या घोडीच्या) शेजारी, कॅनव्हासला चिकटून, मान न वळवता फक्त नजर हलवून दिसेल असा लावायचा. एक डोळा मिटून आरशाच्या काचेवर आपल्या डोक्याची रेघ साबणाने काढा. ती खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मी भरते, आरसा जवळ असो की लांब. म्हणजे तेवढंच डोकं कॅनव्हासवर उतरवलंत तर बारा बाय सोळा इंचात चेहरा पासपोर्टच्या फोटोचा थोरला भाऊ वाटेल. सात-साडेसात इंच डोकं बरं दिसतं.

बसल्या जागी मान हलली की नाही हे कळायचा उपाय आपल्या घरात आधीच तयार असतो. बेसिनवरच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या टिकल्यांपैकी एक घ्या आणि आरशात नाकाचा शेंडा दिसतो तिथे लावा. दर वेळी नजर कॅनव्हासवरून परत आली की शेंडा टिकलीवर आणायचा, एक डोळा मिटूनच. तो वरखाली गेला तर मान गळली आहे, बाजूला सरकला तर आपण खुर्चीत कलंडलो आहोत. दीड तासाने ओठांचे कोपरेही उतरायला लागतात, आणि ज्याला आपण प्रामाणिक निरीक्षण म्हणतो त्यात भुवयांमध्ये आठी पडते. म्हणून बहुतेक स्वचित्रांतला माणूस विजेचं बिल वाचत असल्यासारखा दिसतो. तोंड पहिल्या अर्ध्या तासात उरकून घ्या आणि नंतर त्याला हात लावू नका.

आरशाचा आणखी एक खोडसाळपणा आहे: उजवा माणूस डावखुरा होतो. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये कापला डावा कान, पण नंतरच्या स्वचित्रात पट्टी उजव्या कानाला दिसते. रेम्ब्रांटच्या लंडनमधल्या केनवुड हाउसच्या स्वचित्राचा एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की आधी त्याने ब्रश आरशात दिसतो तसाच रंगवला होता आणि मग विचार बदलून हात फिरवले. घरच्यांनी ‘हा तू वाटतच नाहीस’ म्हटलं, तर भांग उलटा पडला आहे हे कारण द्या. ते खरंही असतं. त्यांनी आपल्याला आरशातून पाहिलेलं नसतं, आणि आपण आरशाबाहेर पाहिलेलं नसतं.

रंगवायचा क्रम रुक्ष आहे, पण चुकवता येत नाही. ऑकरमध्ये किंचित काळा घालून, टर्पेंटाइनने पातळ करून कॅनव्हास पुसून घ्या आणि वाळू द्या. कोऱ्या पांढऱ्यावर कुठलाच टोन खरा कळत नाही. मग कोळशाने रेखाटन. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. सगळेजण ते वर सरकवतात आणि मग मेंदूला जागा उरत नाही. त्यानंतर डोळे किलकिले करून सगळ्या सावल्या एकाच टोनने भरायच्या, आधी पातळ, वरचे थर तेलकट. ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे), फिल्बर्ट (चपटे, गोलसर टोकाचे) चार, सहा आणि आठ नंबर. बारीक ब्रश शेवटचा अर्धा तास येईपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत पापण्या मोजत बसाल.

चिखल का होतो? रंग चारच असल्याने दोष लपत नाही. सावलीचा ब्रश न पुसता उजेडात गेला, किंवा कॅनव्हासवरच घोटत बसलात, की सगळे टोन एकमेकांच्या जवळ येतात आणि चेहरा शाडूच्या मूर्तीसारखा होतो. सावलीला एक ब्रश, उजेडाला दुसरा, आणि मारलेला फटका तसाच सोडायचा.

दुसऱ्या दिवशीचा धक्का वेगळाच असतो. काल तुकतुकीत काळे रंगवलेले केस सकाळी करडे दिसतात. एका रात्रीत म्हातारपण! घाबरू नका, खालच्या थराने तेल शोषलं म्हणून काळा मॅट पडला आहे. थर वाळला असेल तर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं घेऊन कापडाने अगदी पातळ फिरवा आणि जास्तीचं पुसून काढा, तारुण्य परत येतं. वाळायला काळा तसाही आळशी, त्यातून पावसाळ्यातल्या दमट हवेत तर त्याला सुट्टीच मिळते. म्हणून तळाला जाड काळा थापू नका, वरचा थर आधी वाळून तडकतो. तेलाची ती फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटूही शकतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.

व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने. तोवर चित्र ठेवायचं कुठे, यावर घरात चर्चा होते आणि बहुमत कपाटामागच्या जागेला मिळतं. तिथे भिंतीच्या ओलीने कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते आणि अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, म्हणजे चेहऱ्याला कावीळ. उजेडात ठेवलं की पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. थेट ऊन मात्र नको, भरपूर उजेड येणारी भिंतच लागते, आणि तशी भिंत फक्त हॉलमध्ये, टीव्हीच्या वर असते.