मे महिन्यातला सूर्याचा पत्ता

बडोद्याच्या मराठी घरांत टॅरोवरचा, म्हणजे भविष्य पाहण्याच्या चित्रपत्त्यांवरचा वाद ठरलेला आहे. एक बाजू म्हणते, अंधश्रद्धा. दुसरी म्हणते, पंचांग असताना हे परके पत्ते कशाला. मेलबर्नमधून ऐकताना जाणवतं की पत्ते भविष्य सांगतात हे दोघांनी आधीच धरून ठेवलंय. मुळात हा १५व्या शतकातला उत्तर इटलीचा खेळ, सावंतवाडीच्या गंजिफासारखा. भविष्य त्याला १८व्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं.

परकेपणा मात्र खरा, पण तो हवामानाचा. बहुतेकांच्या हाती असतो तो संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात तलवारींच्या तिर्रीवर काळजात तीन तलवारी आणि मागे पाऊस. म्हणजे पाऊस दुःखाचा. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या बडोदेकराला हे कसं पटावं? (ऑगस्टात विश्वामित्री नदी रस्त्यावर आली की पटेल.) सूर्याच्या पत्त्यात सूर्यफुलं आणि हसरं मूल, मे महिन्याच्या दुपारी त्या मुलाला आपण आधी सावलीत ओढू.

इथे मेलबर्नमध्ये सूर्य उत्तरेच्या आकाशातून जातो. म्हणून चार तत्त्वांना चार दिशा देणारी इथली निसर्गपूजक मंडळी अग्नीची दिशा दक्षिणेकडून उत्तरेला नेतात आणि पृथ्वीची दक्षिणेला. धर्म बुडाला असं कुणी म्हणत नाही. बडोद्यातही अग्नी आग्नेयेला न्यावा. पाण्याची पश्चिम तर जुळतेच, ती वरुणाचीच.

७८ पत्त्यांतून रोज एकच काढावा. ‘नोकरी लागेल का’ हा प्रश्न नको, ‘या कामात मी काय टाळतोय’ असा हवा. संचासोबतची अर्थांची पुस्तिका उघडण्याआधी पाच मिनिटं चित्रातलं आकाश, पाणी, झाड, जनावर लिहून काढावं. अर्थ नको, दिसतं तेवढंच. मग कमाटीबागेत किंवा अंगणात त्यातली एक गोष्ट शोधावी. चंद्राच्या पत्त्यात पाण्यातून एक कवचवाला जीव वर येतो; विश्वामित्रीकाठच्या माणसाला तिथे मगर दिसेल, आणि त्याच्यासाठी तीच खरी. मृत्यूचा पत्ता घाबरून बाजूला काढू नये. त्याच्या झेंड्यावर पांढरा गुलाब आहे, मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे.

मनासारखा पत्ता येईपर्यंत काढत राहणं ही नेहमीची चूक. तोच प्रश्न पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुन्हा विचारू नये. दुसरी चूक मोजणीची. पत्त्यांचे चार गट चार तत्त्वांचे: छड्या अग्नी, पेले जल, तलवारी वायू, नाणी पृथ्वी. पेले कमी आले म्हणजे माझ्यात पाणी कमी, असं लोक ठरवून टाकतात. प्रत्येक गटात पत्ते १४. तीसदा काढले तर सरासरी पाच-सहा येणार, दोन आले किंवा नऊ आले तरी निव्वळ योगायोग. पाहायची ती रोज लिहिलेली वही. पेले आले की ओळी आटतात का? तसं असेल तर आपल्यात काय अपुरं आहे याचा शोध तिथून सुरू करावा.

पाचव्या भूताला, आकाशाला, गटच नाही. काहीजण गटांबाहेरच्या २२ मोठ्या पत्त्यांना तो मान देतात. मला ते ओढूनताणून वाटतं. आठवड्यातून एकदा पत्ता न काढता गच्चीवर जावं आणि त्या दिवसाचं आकाश लिहावं. बडोद्याच्या उन्हाळ्यात ते रोज सारखंच दिसतं, तेव्हा तारीख घालायला विसरू नये.