मुंबईसमोर

गेल्या सोमवारी सोलापुरात, कन्ना चौकाजवळच्या एका पार्सल ऑफिसात, मला माझा पत्ता सांगता आला नाही. म्हणजे सांगितला मी. पण हा पत्ता आहे हेच तिथं कुणी मान्य करेना.

पार्सल करावं लागलं ते आईमुळे. मी माहेराहून परतताना तिनं दोन चादरी, सहा टॉवेल, तीन किलो शेंगाचटणी आणि पंचवीस कडक भाकरी काढून ठेवल्या. सिद्धेश्वर एक्सप्रेस पहाटे ठाण्याला सोडते. तिथून तो सगळा संसार घेऊन जिना चढायचा, पुन्हा उतरायचा आणि नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये घुसायचं, हे माझ्या डाव्या गुडघ्याला मंजूर नव्हतं. म्हणून पार्सल.

काउंटरवर विशीतला पोरगा होता. नाव लिहून झालं.

"पत्ता?"

"लिही. एनएल टाईप, बिल्डिंग सत्तावीस, रूम आठ, सेक्टर दहा, नेरूळ, नवी मुंबई."

त्यानं 'एनएल' लिहिलं, 'टाईप' लिहिलं आणि पेन उचललं. "टायपिंगचा क्लास हाय का ताई?"

आमच्याकडच्या इमारतींचे टाईप असतात, हे मी त्याला समजावत होते. तेवढ्यात दाराजवळच्या गठ्ठ्यावरून आवाज आला, "पेठ कुठली ओ?"

गठ्ठ्यावर एक मामा बसले होते. पांढरी टोपी, सत्तरी ओलांडलेली, तळहातावर तंबाखू. गठ्ठा त्यांचा नव्हता. ते काही पाठवायला आले नव्हते, घ्यायलाही नाही. बहुतेक पंख्याखाली बसायला आले असावेत.

"तिकडं पेठ नसते मामा. सेक्टर असतो."

"सेक्टर म्हंजे?"

"म्हणजे भाग. सेक्टर दहा म्हणजे दहावा भाग."

"दहावा. मग पैले नऊ भाग कुटायत?"

"आहेत ना. शेजारीच आहेत."

"त्यांना बी नावं न्हाईत?"

"नाहीत."

मामांनी चुना मळायचा थांबवला. एखाद्या घरात ओळीनं दहा पोरं झाली आणि एकाचंही बारसं झालं नाही असं ऐकल्यावर माणूस जसा बघेल, तसं ते माझ्याकडे बघायला लागले. "हितं मुरारजी शेटनी 1877 ला जुनी मिल काढली, तर पेठेला मुरारजी नाव पडलं. तुमच्यात काय नंबर टाकून निघून गेले काय?"

मीही सोलापूरचीच. म्हटलं, असं कसं सोडायचं? "मामा, तुमची बुधवार पेठ, मंगळवार पेठ हे तरी काय आहे? वार म्हणजे नंबरच की!"

"वाराला बाजार भरतो," मामा शांतपणे म्हणाले. "नंबराला काय भरतंय?"

पोरगा खुदकन हसला. मागं रांगेत उभा असलेला एक जण मोबाईलमधून मान वर काढून ऐकायला लागला. इथंच गप्प बसायला हवं होतं. पण पत्ता नीट सांगितला की माणसाला पटतो अशी माझी समजूत. एकवीस वर्षं कुरिअरवाल्यांशी बोलूनही ती गेलेली नाही.

"हे बघा, घोटाळा व्हायला नको म्हणून नेरूळ नीट लिही हं," मी पोराला म्हटलं. "कारण सेक्टर दहा वाशीलाही आहे, खारघरला आहे, कामोठ्याला आहे, ऐरोलीला आहे..."

बोलता बोलताच कळलं की आपण खड्ड्यात चाललोय.

"म्हंजे एकाच गावात दहा नंबर पाच?" मामा उठून काउंटरपाशीच आले.

"एक गाव नाही ते. वेगवेगळे नोड आहेत."

"नोड?"

पोरानं तत्परतेनं मोबाईलवर बघितलं. "नोड म्हंजे गाठ, मामा."

झालं. चाळीस वर्षं कापडाच्या मागावर काढलेल्या माणसापुढे हा शब्द पडायला नको होता. "गाठ! किती गाठी म्हणलाव?"

"चौदा," मी कसंबसं म्हटलं.

"चौदा गाठीचा माल," मामा रांगेला उद्देशून म्हणाले, "आमचा मुकादम अंगावर फेकून मारायचा ओ."

रांग हसली. दोन चादरींच्या पार्सलपायी मी अख्ख्या नवी मुंबईची अब्रू घेऊन उभी होते आणि ती धागा धागा उसवत होती.

आता इथं माझ्या सासऱ्यांना आणायला हवं. ते तिथं असते तर मामांना नीट उत्तर मिळालं असतं. सासऱ्यांना नवी मुंबईचा इतिहास रामरक्षेसारखा पाठ आहे. मुंबई उत्तरेकडे सरकत न जाता खाडीपलीकडे नवं शहर उभं करावं, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 साली मांडली. मग 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे ते शहर उभारणारी सरकारी कंपनी. 95 गावांची जमीन, 344 चौरस किलोमीटर. 1973 ला वाशीचा पूल, 1992 ला वाशीपर्यंत लोकल. त्यापुढे आवाज खाली आणून, गाभाऱ्यात बोलल्यासारखं, 'धारण तलाव': भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी घरात न शिरता त्या तलावात थांबावं आणि ओहोटीला खाडीत जावं. आखीव-रेखीव, हा त्यांचा शब्द. आणि खरं सांगते, आहेच तसं. रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, स्टेशनं तर एवढी मोठी की आमच्या वऱ्हाडाच्या तीन पंगती प्लॅटफॉर्मवर उठतील. सगळ्याचा विचार झाला. नावं ठेवायची तेवढी राहिली, म्हणून आता येणारा-जाणारा नावं ठेवतो.

बरं, नावं नव्हती असंही नाही. शिरवणे, सारसोळे, कुकशेत, करावे, दारावे ही गावं होती, आजही सेक्टरांच्या मधेमधे आहेत. त्याच जमिनीच्या भावासाठी 1984 च्या जानेवारीत आंदोलन झालं आणि गोळीबारात पाच माणसं गेली. हे सासऱ्यांच्या रामरक्षेत येत नाही. ते मला आमच्या कोळीणबाईंनी सांगितलं, सुरमई कापता कापता. त्यांना पत्ता विचारला तर त्या 'सारसोळं' म्हणतात आणि विषय संपतो.

असो. पार्सल ऑफिसात मामांनी आता दुसरा धागा पकडला होता.

"दर्याकाठी हाय म्हणं तुमचं गाव. दर्या दिसतो का घरातनं?"

"समुद्र नाही, खाडी आहे. आणि घरातून नाही दिसत."

"मग काय दिसतंय?"

"बिल्डिंग अठ्ठावीस."

"तिच्यातनं काय दिसतंय?"

"आमची सत्तावीस."

आता माझीच मला कीव यायला लागली. म्हणून मी पाम बीच रोड काढला. पाहुण्यांसमोर मी नेहमी तो काढते, जशी आई दिवाळीला चांगली ताटं काढते. वाशीपासून बेलापूरपर्यंत जातो, खाडीच्या कडेनं, काय सुंदर रस्ता.

"बीच म्हंजे वाळू असती का न्हाई?" मामांनी पोराला विचारलं. पोरगा गोव्याला जाऊन आलेला असावा. असती म्हणाला.

"वाळू हाय?"

"नाही. खारफुटी आहे. आणि चिखल. पण हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात हजारोंनी. गुलाबी पक्षी."

"चिखलात?"

"हो. चिखलातलंच खातात ते."

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले. काय बरोबर आहे ते सांगितलं नाही. ओहोटीला खिडकी उघडली की जो वास येतो, तो मी अर्थातच सांगितला नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी सुरुवातीपासून वाट बघत होते. "पाणी किती दिवसाला येतंय?"

"रोज," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज. मोरबे धरण आहे आमच्या महापालिकेचं स्वतःचं."

ऑफिस गप्प झालं. पोरानं पेन खाली ठेवलं. रांगेतला माणूस मोबाईल खिशात घालून "रोज येतंय म्हणलाव?" असं पुन्हा विचारून गेला. सोलापुरात उजनीचं पाणी कधी चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी लग्नाचा मुहूर्तसुद्धा मागं-पुढं होतो. मी जिंकले होते. मस्त वाटलं. फार तर अर्धा मिनिट. मग आईचे जिन्याखालचे ते चार निळे बॅरल डोळ्यांसमोर आले, आणि पाणी येणार म्हणून पहाटे तीनला उठून पाईप धरून बसलेली आईही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती.

मामांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "मग आईला घिऊन का जाईनाव?"

याचं उत्तर त्यांना दिलं नाही. तुम्हाला सांगते. नेलं होतं आईला. दहाव्या दिवशी ती कोथिंबीर आणायला खाली उतरली. एनएल टाईपच्या सगळ्या इमारती एकसारख्या: तोच जिना, तोच पिवळा रंग, तेच दार. आई येताना भलत्याच बिल्डिंगमध्ये शिरली, रूम आठचं दार उघडंच होतं, आत जाऊन पंखा लावून बसली. आतून एक मल्याळी बाई आल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळेना, पण त्या बाईंनी चहा केला, आईनं कोथिंबीर निवडून दिली. दीड तासानं वॉचमननं शोधून आणलं, तेव्हा आई हसत होती. रात्री मात्र म्हणाली, "माझं तिकीट काढ. हितं मी हरवले तर कुणाच्या घराजवळ हरवले हे बी सांगता येणार न्हाई." सोलापुरात, आमच्या बाळीवेशीत तिला नाव सांगावं लागत नाही. पाण्यासाठी उठावं लागतं. दोन्ही एकत्र मिळेल अशी जागा कुठल्या आराखड्यात आहे, हे सासऱ्यांनाही माहीत नाही.

"मामा, काय लिहू?" पोरानं विचारलं. मला नाही, मामांना! पैसे मी देणार, चादर माझी, आणि पत्ता मामांना विचारायचा.

"लिही की. नेरूळ. मुंबईसमोर."

"मुंबईसमोर म्हंजे?"

"आरं, मधी पाणी. पाण्याच्या तिकडं मुंबई, हिकडं ह्या बाई."

"अहो नवी मुंबई लिहा!" माझा आवाज जरा चढलाच. "शहर आहे ते. 1992 पासून महानगरपालिका आहे. आता विमानतळसुद्धा झालाय."

"नवी पेठ बी नवीच हाय," मामा म्हणाले, "माझ्या आज्याच्या टायमाला बी नवीच होती." आणि तंबाखू तोंडात टाकून पुन्हा गठ्ठ्यावर जाऊन बसले. म्हणजे आता बोलणं बंद.

पोरानं मार्करनं ठसठशीत लिहिलं. वर माझं नाव, खाली सेक्टर 10, नेरूळ, मुंबईसमोर. 'मुंबईसमोर'च्या खाली दोन रेघा. बाजूला 'चटणी हाय, दाबू नका'.

शुक्रवारी फोन आला. "मॅडम, सेक्टर दहाला आलोय, खाली या." खाली गेले. कुणी नाही. "कुठल्या सेक्टर दहाला?" "कामोठे." नेरूळ लिहिलंय की, म्हटलं. तर म्हणतो, "मॅडम, ते मुंबईसमोर वाचून कन्फ्यूज झालो." नेरूळला आल्यावर पुन्हा फोन. मी टाईप सांगितला, बिल्डिंग सांगितली, डावं-उजवं सांगितलं. शेवटी वैतागून म्हटलं, "अरे, मेडिकलच्या शेजारी पिंपळाखाली इस्त्रीवाला बसतो बघ..." "मग आधी सांगायचं ना इस्त्रीवाला!" म्हणून दोन मिनिटांत आला.

लेकानं पार्सलचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून सेक्रेटरी मला जिन्यात 'काय मुंबईसमोर' म्हणतात. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. सिडकोचा अपमान मी मुद्दाम केला, असं त्यांचं म्हणणं.

आणि दाबू नका लिहूनही दाबलंच. भाकरीचा चुरा झाला, तो आम्ही दुधात घालून खाल्ला. चटणीची पिशवी फुटली. चादर तीनदा धुतली, रोज पाणी येतं म्हणून धुता तरी आली, पण अंगावर घेतली की अजून लसणाचा वास येतो.