'मापच न घेता कापला' या अभिप्रायाला दुकानातर्फे उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

ब्लाउजचे खांदे उतरतात, मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, चुण्या पडतात, मापच न घेता कापला आणि वर दुरुस्तीचे ३०० रुपये मागितले, असे आपण लिहिले आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या ऐन अक्षता सोहळ्याच्या दिवशी आपल्याला खांद्याला पिना लावून वावरावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि त्याबद्दल मी क्षमा मागते. गल्ल्यावरच्या मुलाने ज्या सुरात पैसे सांगितले, तो सूरही चुकीचाच होता.

मात्र 'मापच न घेता कापला' हे चार शब्द माझ्या घशाखाली उतरत नाहीत. २२ डिसेंबरला मी स्वतः आपली अकरा मापे घेतली. ती वहीत पेन्सिलीने लिहिलेली आहेत, वरची छाती आणि पूर्ण छाती वेगवेगळी, आणि खांद्याच्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. ते आकडे इथे लिहिले असते तर माझी बाजू एका ओळीत स्पष्ट झाली असती, पण बाईमाणसाची मापे चारचौघांत सांगणे आमच्या धंद्यात बसत नाही.

म्हणून समजा, एखाद्या बाईची काखेतून घेतलेली वरची छाती ३६ आणि पूर्ण छाती ४० आहे. आपण आणलात तसे परदेशी छापील फर्मे, म्हणजे पाकिटातून मिळणारे कापणीचे कागदी नमुने, बहुधा या दोन मापांत २ इंचांचाच फरक धरून काढलेले असतात. तिने पाकिटावरचा ४० चा आकडा पाहून फर्मा घेतला, तर छाती बसते, पण गळा, खांदा आणि मुंढा तिच्याहून थोराड बाईचे येतात आणि खांदा दंडावर घसरतो. अशा वेळी ३८ चा फर्मा घ्यावा, समोरच्या भागाचा कागद कमरेपासून छातीच्या टोकापर्यंत व तिथून मुंढ्यापर्यंत चिरावा, मुंढ्याच्या शिलाईपाशी केसभर जोडलेला ठेवावा, काखेखालून टोकापर्यंत दुसरा छेद द्यावा आणि छातीवर १ इंच फाकवावा. समोरचा कागद अर्ध्या अंगाचा असल्यामुळे दोन्ही बाजू मिळून २ इंच मिळतात. खांद्याला कात्री लागतच नाही.

हे मी आपल्याला त्याच दिवशी सांगितले होते, तेव्हा आपण पाकिटावर बोट ठेवून "छातीचे माप बरोबर आहे ना, मग हाच कापा" म्हणालात. तरीही मी माझ्या खर्चाने मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा, कच्चा ब्लाउज वरीलप्रमाणे शिवून ठेवला आणि ट्रायलसाठी आपल्याला दोनदा फोन केला. आपल्याला जमले नाही, हे मी समजू शकते, कारण गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत कोणाच्या घरी पाहुणे नसतात? पुढे आपला निरोप आला, की ट्रायल राहू द्या, फर्म्याप्रमाणेच शिवा, भोगीच्या आत हवा. तो आदल्या संध्याकाळी आपल्या हातात होता.

एवढे सगळे ठाऊक असूनही मी आपल्या इरकली कापडाला ट्रायलशिवाय कात्री लावली, ही चूक माझीच. सव्वीस वर्षे मशीनवर बसल्यावर गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणता यायला हवे होते.

३०० रुपयांविषयी एवढेच, की खांदा आत घ्यायला दोन्ही बाह्या उसवाव्या लागतात, अस्तर सुटे करावे लागते आणि मुंढ्याचा आकार पुन्हा काढावा लागतो. यात कारागिराचे दोन तास सहज जातात. आपल्याकडून ते पैसे घेणार नाही. यापुढे भारी कापडाला ट्रायल सक्तीची करण्याचा विचार आहे, तशी पाटीही लावू.

आपण एकदा दुपारी चारनंतर यावे. मांजरपाटाचा तो ब्लाउज अजून हँगरला आहे; आधी तो घालून पाहा, मग इरकलीच्या बाह्या उसवू.