चोक ओढला का?

भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, सोलापुरात सात रस्त्याला गाडी बंद पडली. ढकलून कडेला लावली. तो अपमान सोडून देतो, पुढचा मोठा आहे.

इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारून देणाऱ्या गाडीत चावी फिरवली की मागच्या सीटखालून पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणतो. माझा गप्प. फ्यूज शाबूत, रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारा स्विच, इमानदारीत 'टक' करत होता. शेजारच्या चहावाल्याला चावी फिरवायला बसवलं आणि मी सीट उचलून मीटर घेऊन आत वाकलो. मीटरची काळी वायर गाडीच्या बॉडीला टेकवली की बारा व्होल्ट, तीच पंपाच्या ग्राउंडला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला लावली की आकडा शून्याच्या आसपास. म्हणजे करंट येतो, पण परत जायची वाट गंजलीय.

तेवढ्यात डोक्यावर सावली पडली.

"मालक, चोक ओढला का?"

चोक म्हणजे जुन्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करायला ओढायची खुंटी. विचारणारे सत्तरीचे गृहस्थ. खांद्यावर नॅपकिन, पिशवीत शेंगा चटणी.

"काका, या गाडीला चोक नसतो."

"काढून घेतला?"

"नसतोच."

"मग थंडीत काय करता?"

सोलापुरात. मे महिन्यात.

त्यांची एके काळी फियाट होती. विजापूर रोडला उन्हाळ्यात पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची, मग त्यावर ओलं फडकं टाकायचं. हे खरंच आहे, तेव्हा पंप इंजिनावर असायचा. माझा टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला. हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चहावाल्याच्या बादलीत नॅपकिन बुडवला.

मी चिडलो होतो, पण खरा राग वेगळाच होता. हेच दुखणं घेऊन गेल्या महिन्यात एका गॅरेजात गेलो, तर त्यांनी अख्खा पंप बदलून दिला. ग्राउंड तपासायला मीटर आणि पाच मिनिटं लागतात. पण पाच मिनिटांचं बिल किती होणार? पंपाचं होतं. 'जुनी गाडी आहे, चालायचंच,' वर हे ऐकवायचं. गाडी जुनी आहे, वायर बघायला कोणी बंदी घातलीय?

असो. ग्राउंडचा बोल्ट खोलला, सँडपेपरने गंज घासला, आवळला आणि ओरडलो, "फिरव!" त्याच क्षणी काकांनी बॉनेटखाली जे पहिलं गोल दिसलं त्यावर, तापाच्या पेशंटच्या कपाळावर ठेवावा तसा, नॅपकिन ठेवला. ते एअर फिल्टरचं झाकण होतं.

पंप गुणगुणला. गाडी सुरू झाली.

"बघा!" काका म्हणाले. जमलेल्या लोकांनीही बघितलं. एका रिक्षावाल्याने त्यांना चहा पाजला. मी हातातला सँडपेपर दाखवत ग्राउंडबद्दल बोलत होतो, तर चहावाला म्हणाला, "साहेब, जाऊ द्या की. मोठ्या माणसाचा अनुभव आहे."

काकांना होटगी रोडला जायचं होतं. पुढच्या सीटवर बसले आणि आसरा चौकापर्यंत एसी लावू दिला नाही. पंप तापतो म्हणे. उतरताना नॅपकिनवर काळा डाग दिसला, तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका.

"घरी धुवून आणून द्या," म्हणाले. "घाई नाही."