चार सर्व्हर घेतले म्हणून साइट चौपट पळत नाही

सणासुदी जवळ आली की कोल्हापुरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि डेव्हलपर पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. २०२५च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि त्यावरून गदारोळ झाला. तेव्हापासून ‘उद्या आपल्या साइटवर एकदम झुंबड आली तर?’ हा प्रश्न चप्पल लाइनीतही ऐकू येतो, आणि उत्तर म्हणून हाच मेसेज पुढं ढकलला जातो. मजकूर थोडक्यात असा: ‘साइट बसतीय? एकाच्या जागी चार सर्व्हर घ्या, पुढं लोड बॅलन्सर लावा, सगळं कॅश करा. चौपट गर्दी झेलणार, साइट कधीच बंद पडणार नाही. कोडला हात लावायची गरज नाही.’

यातली अवजारं खरी आहेत: लोड बॅलन्सर आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देतो, आणि कॅश करणं म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून तेच पुन्हा देणं. त्यांच्या नावावर दिलेली आश्वासनं खोटी आहेत.

‘एकाच्या जागी चार.’ एक का पुरत नाही, हे मेसेज सांगतच नाही. १९९९मध्ये डॅन केगेल या प्रोग्रामरनं एका मशीनवर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची हा प्रश्न मांडला, तेव्हा तो खरोखर अवघड होता. दर कनेक्शनला एक स्वतंत्र काम करणारा (प्रोसेस किंवा थ्रेड) द्यायची रीत होती, त्यातच मेमरी संपायची. इगोर सिसोयेव्ह या प्रोग्रामरनं २००२मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर (तोच लोड बॅलन्सर आणि कॅश म्हणूनही चालतो) लिहायला घेतला, २००४मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. त्यातला एकच वर्कर हजारो कनेक्शनवर नजर ठेवतो आणि जिथं काही घडलं तेवढंच हाताळतो. चपलांचे फोटो आणि बाकीच्या तयार फायली द्यायला आज साधा दोन कोअरचा सर्व्हर आरामात पुरतो. साइट बसते ती बहुतेक वेळा विनंत्या आत कुठंतरी अडकून पडतात म्हणून, आणि ते ‘कुठंतरी’ बहुधा डेटाबेसच असतं, म्हणजे माल, किमती, ऑर्डरी यांची नोंदवही.

‘चौपट गर्दी झेलणार.’ हिशेब करू. एका सर्व्हरवर पीएचपी भाषेतला कोड चालवणारे ५० वर्कर आहेत आणि प्रत्येक जण डेटाबेसचं एक कनेक्शन धरून बसतो. एक सर्व्हर असताना जास्तीत जास्त ५० कनेक्शन. चार केले की २००. मायएसक्यूएल या डेटाबेसची मर्यादा, कुणी बदलली नसेल तर, १५१. म्हणजे काल हळू का होईना चालणारी साइट आज ऐन गर्दीत ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणून हात वर करते, तेही चौपट भाडं भरून. मर्यादा वाढवली तर? मग २०० क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) त्याच डिस्कसाठी आणि त्याच लॉकसाठी, म्हणजे एका वेळी एकालाच नोंद बदलू देणाऱ्या कुलपासाठी, भांडतात. आठ नंबरच्या एकाच जोडाचा शिल्लक आकडा सगळ्यांना एकदम कमी करायचा असेल, तर त्या एका ओळीपुढं सगळे ताटकळणारच. अंबाबाईच्या देवळाला चार दरवाजे आहेत, पण चारही दरवाजांनी माणसं आत सोडली म्हणून गाभाऱ्यापुढची रांग चौपट वेगानं सरकत नाही.

‘साइट कधीच बंद पडणार नाही.’ मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे. पहिली गोष्ट, लोड बॅलन्सर एकच असेल तर तो पडला की मागचे चारही सर्व्हर धडधाकट असून उपयोग शून्य. म्हणून जाणते लोक दोन ठेवतात आणि कीपअलाइव्ह्डसारख्या साधनानं एक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दोघांत फिरता ठेवतात. दुसरी गोष्ट राखीव ताकदीची. चारही सर्व्हर ८० टक्के भरून चालले असतील आणि एक गेला, तर उरलेल्या तिघांवर प्रत्येकी जवळजवळ १०७ टक्के भार येतो. मग दुसरा जातो, मग तिसरा.

तिसरी गोष्ट मात्र कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, उघडल्याशिवाय दिसत नाही. एनजिनएक्सची मोफत आवृत्ती मागच्या सर्व्हरांची तब्येत आपण होऊन तपासत नाही. आलेली विनंती फसली तरच तिला कळतं, आणि ‘फसली’ याचा मूळ अर्थ कनेक्शन तुटलं किंवा वेळ संपली एवढाच. वाचनाची ती वेळ ६० सेकंदांची. एवढा वेळ चपलेचं पान उघडायची वाट कोण बघतंय? बरं, ‘सर्व्हरमध्येच बिघाड’ सांगणारा ५०० चा एरर परत आला तर मुळात ते अपयश म्हणून मोजलंच जात नाही, तसं सांगावं लागतं. आता यावर ‘लीस्ट कनेक्शन’ पद्धत लावलेली आहे असं धरा, म्हणजे ज्याच्याकडं चालू कामं कमी त्याला पुढचं काम. तीन सर्व्हर इमानदारीत अर्ध्या सेकंदात पान बनवतायत. चौथ्याचा डेटाबेसचा पासवर्ड चुकलाय, तो दोन मिलिसेकंदांत ५०० फेकून मोकळा. त्याच्या हातात काम कधी साठतच नाही, म्हणून लोड बॅलन्सरला तोच सगळ्यात रिकामा दिसतो आणि तो गिऱ्हाइकांचा लोंढाच्या लोंढा त्याच्याकडं वळवतो. एक बिघडलेला सर्व्हर सगळी साइट गिळतो आणि डॅशबोर्डवर सीपीयू मस्त गार दिसतो.

‘सगळं कॅश करा.’ सगळं? २५ डिसेंबर २०१५ला स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर लोकांना दुसऱ्याच माणसांची खात्याची पानं दिसायला लागली. त्या दिवशी साइटवर झालेल्या हल्ल्याचा भार आवरायला कॅशिंगचे नियम बदलले होते, त्यात लॉगिन केलेल्यांची पानंही साठवली गेली. स्टीम चालवणाऱ्या वाल्व कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे सुमारे ३४,००० जणांची माहिती अशी उघडी पडली. एनजिनएक्स कुकी (गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधली ओळखीची चिठ्ठी) ठेवणारं किंवा ‘प्रायव्हेट’ म्हटलेलं उत्तर मूळ सेटिंगमध्ये साठवत नाही. पण कुठूनतरी उचललेल्या कॉन्फिगमध्ये उत्तरासोबतच्या या सूचना (हेडर) दुर्लक्षित करायची ओळ असते, ‘हिट वाढतात’ म्हणून, म्हणजे जास्त पानं कॅशमधून जातात म्हणून. वाढणारच की. शाहूपुरीतल्या माणसाची पिशवी राजारामपुरीतल्या माणसाला दाखवायची ठरवल्यावर हिट वाढायला काय जातंय.

जे साठवण्याजोगं आहे त्यातही खोच आहे. मुख्य पान बनायला २ सेकंद लागतात, सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि कॅशची मुदत एक मिनिट आहे असं समजा. मुदत संपली की नवं पान तयार होईपर्यंतच्या दोन सेकंदांत २०० विनंत्या थेट डेटाबेसवर आदळतात, सगळ्या तेच पान मागत. दर मिनिटाला एक धक्का. उपाय दोन ओळींचा आहे: ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ चालू करायचं, म्हणजे एकच विनंती मागं जाते, आणि ती परत येईपर्यंत बाकीच्यांना जुनं पान द्यायची मुभा द्यायची. दोन्ही आपण होऊन चालू नसतात. आणि ९८ टक्के हिटवर खूश असाल तर एवढं ध्यानात ठेवा की डेटाबेसला सध्या फक्त २ टक्के भाराची सवय आहे. कॅश रीस्टार्ट झाली की पहिल्या मिनिटाला त्याच्यावर पन्नासपट भार येतो.

‘कोडला हात लावायची गरज नाही.’ सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे आणि पिशवीत काय आहे याची नोंद, सर्व्हरच्या डिस्कवर फायलींत असेल तर दुसऱ्या सर्व्हरवर पोचलेल्या गिऱ्हाइकाची पिशवी रिकामी. त्यावर आयपी हॅशचं, म्हणजे आयपीवरून गिऱ्हाइकाचा सर्व्हर पक्का करायचं, ठिगळ लावतात, पण मोबाइल नेटवर्कवर असंख्य लोक एकाच आयपीमागं असतात आणि एनजिनएक्स आयपीव्ही४ पत्त्याच्या चार भागांतले पहिले तीनच बघतो. गर्दी पुन्हा एकावरच. सेशन सगळ्या सर्व्हरांना सामायिक अशा ठिकाणी, म्हणजे रेडिस या मेमरीतल्या साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये, हलवावं लागतं, आणि तो बदल ॲपमध्येच होतो.

त्यामुळं सर्व्हर वाढवण्याआधी मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग, म्हणजे फार वेळ खाणाऱ्या क्वेऱ्यांची नोंद, चालू करा. तो मूळचा बंद असतो आणि त्याची मर्यादा १० सेकंदांची असते, ती १ वर आणा. एका गर्दीच्या संध्याकाळनंतर लॉग उघडा. इंडेक्स (शोधसूची) नसल्यामुळं सगळं टेबल चाळणारी एखादी क्वेरी त्यात वर दिसेल. छोट्या क्वेऱ्या मात्र त्यात सापडायच्या नाहीत, त्यासाठी एका पानामागं किती क्वेऱ्या जातात ते मोजा: ४० चपलांच्या यादीला ४१ क्वेऱ्या, यादीची एक आणि प्रत्येक चपलेच्या किमतीची वेगळी. हे निस्तरून परत भार टाकून बघा. तरीही सीपीयू भरत असेल तर दुसरा सर्व्हर जरूर घ्या.